कोरी सोडलेली जागा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत जा आणि पाचवी-सहावीच्या मुलांना सांगा, 'निसर्गचित्र काढा.' अर्ध्या तासात जे कागद हाती येतील ते जवळजवळ सारखे असतील. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून खाली रुंद होत गेलेली निळी नदी, काठावर एक लाल छपराची झोपडी आणि झोपडीशेजारी, हमखास, एक नारळाचे झाड. शालेय स्पर्धांचे परीक्षण करताना मी अशी शेकडो चित्रे पाहिली आहेत. डोंगर आमच्याकडे आहेत, नदीही आहे, निदान पावसाळ्यात तरी. पण नारळ? तो एखाद्या हौशी माणसाच्या परसात किंवा देवळाबाहेरच्या दुकानात. मुलाच्या रोजच्या वाटेवर असतो तो कडुनिंब, बाभूळ, बांधावरची बोर, फाल्गुनात पेटलेला पळस. यातले एकही झाड चित्रात येत नाही. ज्या झाडाखाली ते मूल दप्तर ठेवून खेळते ते झाड त्याला 'निसर्ग' वाटत नाही.

यात मुलांचा दोष नाही. आपण मोठी माणसे तरी काय वेगळे करतो? आपल्या मनातला निसर्ग म्हणजे महाबळेश्वर, कोकण, फार तर कॅलेंडरवरचे काश्मीर. गावाबाहेरचे माळरान, पाणंद, गुरे बसायची जागा, ओढ्याकाठची चार झाडे हे आपल्या लेखी पाहण्यासारखे काही नव्हेच. आणि जे पाहण्यासारखे वाटत नाही ते नाहीसे होताना लक्षातही येत नाही. माझे म्हणणे या एका वाक्यात सांगता येईल. पण ते पटावे म्हणून आज मी वाचकांना एक चित्र पाहायला बोलावणार आहे. चित्र परदेशी आहे, जुने आहे, त्यात रंग नाहीत. तरीही आपल्या गावाकडे कसे पाहावे हे त्याने मला जितके शिकवले तितके फार थोड्या गोष्टींनी शिकवले असेल.

चित्राचे नाव 'तीन झाडे'. चित्रकार रेम्ब्रांट, गाव ॲमस्टरडॅम, साल १६४३. आपल्या हिशेबात सांगायचे तर सिंदखेडराजाच्या जिजाऊंचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. आदल्याच वर्षी, १६४२ मध्ये, रेम्ब्रांटची बायको सास्किया वारली होती आणि घरात वर्षाचे मूल होते. या काळात तो शहराबाहेर चालत जाई आणि कुरणे, कालवे, शेतघरे रेखाटत असे. त्या रेखाटनांतून पुढे जी निसर्गचित्रे झाली त्यांतले हे सर्वांत गाजलेले. आकार किती? सुमारे २१ सेंटिमीटर उंच आणि २८ सेंटिमीटर रुंद. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा नेहमीचा कागद आडवा धरला तर जेमतेम तेवढेच. ज्याच्याविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले ते चित्र आपल्या दोन तळहातांत मावते.

हे रंगवलेले चित्र नव्हे. याला एचिंग म्हणतात; मराठीत अम्लरेखन असा शब्द आहे. त्याची रीत समजून घेतली तर चित्र पाहण्याची गोडी वाढते, म्हणून थोडक्यात सांगतो. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा. धुराने तो काळा करायचा. मग बारीक सुईने त्या थरावर चित्र काढायचे. सुई मेण खरवडते आणि तेथे खालचे तांबे उघडे पडते. आता पत्रा आम्लात बुडवायचा. मेण आहे तेथे आम्लाचे काही चालत नाही. उघड्या तांब्याला मात्र ते खात जाते आणि रेघेची चर तयार होते. जास्त वेळ ठेवले तर चर खोल आणि रेघ काळीभोर, कमी वेळ ठेवले तर रेघ नाजूक. मग मेण काढून पत्र्याला शाई चोळायची आणि वरून स्वच्छ पुसून घ्यायची. शाई चरांत राहते. ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला की कागद चरांतली शाई उचलून घेतो. चित्र उलटे उमटते, डावे ते उजवे होऊन. 'तीन झाडे'मध्ये रेम्ब्रांटने आम्लाशिवाय थेट तांब्यावरही सुई आणि छिन्नी चालवली आहे.

या रीतीतली एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. एचिंगमध्ये पांढरा रंग नसतो. प्रकाश काढता येत नाही, तो फक्त सोडता येतो. जेथे सुई लावली नाही, तेथेच उजेड.

आता चित्र पाहू. नजर प्रथम उजवीकडे जाते. तेथे एका उंचवट्यावर तीन झाडे एकमेकांना खेटून उभी आहेत, गर्द, दाट पानांची, आणि त्यांच्या मागे लख्ख आकाश. झाडे काळी म्हणून आकाश उजळ वाटते आणि आकाश उजळ म्हणून झाडे काळी. मग नजर डावीकडे घसरते. तेथे जमीन एकदम सपाट होऊन लांबच लांब पसरते आणि क्षितिजावर शहराची एक बारीक रेघ दिसते. डाव्या कोपऱ्यात वर तिरप्या, कडक, जणू पट्टीने ओढलेल्या रेघांचा पट्टा आहे. ती पावसाची सर. वर ढग घुसळलेले आहेत. वादळ येते आहे की ओसरते आहे, यावर जाणकारांची दोन मते आहेत. मृगाची वाट पाहणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणेल, येते आहे. सोंगलेले सोयाबीन शेतात पडलेले असताना विचारले तर म्हणेल, जाऊ द्या बापा एकदाचे.

येथपर्यंत चित्र सगळ्यांनाच दिसते. बहुतेक जण येथेच थांबतात, 'छान आहे' म्हणतात आणि पुढे जातात. पण हे चित्र थांबणाऱ्याचे आहे. आणखी दोन मिनिटे पाहत राहा. डावीकडे खाली पाण्याच्या काठावर एक माणूस गळ टाकून बसला आहे आणि शेजारी एक बाई आहे. दूरच्या कुरणांत ठिपक्यांएवढी गुरे चरत आहेत आणि माणसे आहेत. झाडांमागच्या चढावर माणसांनी भरलेली गाडी चालली आहे. त्याच चढावर आणखी उजवीकडे एक जण बसून काहीतरी रेखाटतो आहे. गंमत म्हणजे वादळाकडे आणि त्या भव्य झाडांकडे त्याची पाठ आहे, त्याला दुसरेच काही सापडले आहे. आणि उजवीकडे खाली, झुडपाच्या अंधारात, दोन प्रेमी जीव आहेत. ते इतके झाकलेले आहेत की कित्येकांना वर्षानुवर्षे दिसत नाहीत.

म्हणजे जे चित्र प्रथम ओसाड, निर्मनुष्य वाटले होते, ते माणसांनी भरलेले निघाले. कोणी पोटासाठी, कोणी प्रवासात, कोणी कलेत, कोणी प्रेमात. प्रत्येकाला आपले काम आहे. कोणीही आपल्याकडे पाहून हसत नाही, कोणी 'सुंदर खेड्यातला सुखी शेतकरी' म्हणून उभा केलेला नाही. चित्रकाराने एवढेच केले आहे की, या जागेत जे जे होते ते राहू दिले आहे. माझ्या मते या चित्राचे मोठेपण त्याच्या झाडांत नाही, ढगांतही नाही. ते या राहू देण्यात आहे.

हे पाहून झाल्यावर एकदा राजूर घाटात उभे राहावे. बुलढाणा शहर घाटाच्या माथ्यावर वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, वरचे बालाघाट आणि खालचे पायनघाट. मलकापूरकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवून खाली पाहिले की पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश नजर पोहोचेल तेथपर्यंत पसरलेला दिसतो. आषाढात दूरवर एखाद्याच शिवारावर पाऊस पडत असतो, तिरपा, रेघारेघांचा, आणि त्याच्या शेजारच्या शिवारात ऊन असते. रेम्ब्रांटच्या तांब्यावर जे आहे ते येथे प्रत्यक्ष घडत असते. पण त्या जागी थांबलेल्या लोकांना मी पाहतो तेव्हा बहुतेकांची पाठ दरीकडे असते आणि हातात मोबाइल असतो. चित्रातल्या त्या रेखाटणाऱ्याचीही पाठ देखाव्याकडे आहे, हे खरे. पण तो निदान दुसरे काही पाहतो आहे. आपण स्वतःलाच पाहतो.

घाटातून दिसणाऱ्या या पसाऱ्यात पिकांचे चौकोन सहज ओळखू येतात. हे कपाशीचे, हे तुरीचे, हे सोयाबीनचे. पण मध्येच काही तुकडे असे असतात की त्यांच्यावर काही पेरलेले नसते. उन्हाळ्यात ते पिवळट, पावसाळ्यात हलके हिरवे. ही गावाची गायरान जमीन. आमच्या वऱ्हाडात तिला 'ई-क्लास' म्हणतात. महसुली कागदावरचे एक इंग्रजी अक्षर गावच्या तोंडी असे रुळले आहे की निरक्षर म्हातारीही 'ई-क्लासात ढोरं गेली' असे सहज म्हणते.

आणि याच जमिनीसाठी आपण दुसरा एक शब्द वापरतो, 'पडीक'. या शब्दात सगळा निकाल आलेला आहे. पडीक म्हणजे वाया गेलेली, कोणाच्या कामाची नाही अशी. जे पेरले नाही ते पडले. एचिंग पाहायला शिकलेला माणूस मात्र असे म्हणू शकणार नाही. कोरी सोडलेली जागा म्हणजे चित्रकार विसरलेली जागा नव्हे. ती मुद्दाम सोडलेली असते आणि बाकीच्या काळ्या रेघांना तिच्यामुळेच अर्थ येतो. गावाच्या रचनेतही गायरान असेच मुद्दाम सोडलेले आहे. सकाळी ढोरकी घरोघरची गुरे आखरावर गोळा करून तेथेच नेत असे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्या दोन शेळ्या तेथे चरतात. बायका तेथून सरपण आणतात. पावसाचे पाणी तेथे मुरते आणि खालच्या विहिरींना लागते. रानभाज्या तेथे उगवतात, टिटवी तेथे अंडी घालते. धनगरांचे कळप पिके उभी असताना अशाच जमिनीवर तग धरतात आणि सुगी झाली की शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरे बसवायला बोलावतो, कारण त्या लेंड्यांइतके चांगले खत विकत मिळत नाही. हे सगळे त्या 'पडीक' जागेवर चालू असते. 'तीन झाडे'मधल्या माणसांसारखे, थांबून पाहिल्याशिवाय न दिसणारे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. कुरणांची, गुराख्यांची चित्रे पाहून गहिवरणे हा पोट भरलेल्यांचा छंद नाही का? इतिहास याला दुजोरा देतो. इंग्लंडमध्ये १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. त्यात गावांच्या सामाईक चराऊ जमिनीही गेल्या. गरिबांच्या गाईला चरायला जागा उरली नाही आणि पुष्कळांना शहरांतल्या कारखान्यांची वाट धरावी लागली. आणि याच काळात श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत कुरणांची, ओढ्यांची, पावा वाजवणाऱ्या गुराख्यांची चित्रे हौसेने टांगली जात होती. प्रत्यक्ष गुराखी बाहेर आणि चित्रातला गुराखी आत! हे ढोंग नव्हे तर काय?

मला वाटते, म्हणूनच चित्रा-चित्रांत फरक करायला शिकले पाहिजे. रेम्ब्रांटच्याच काळात रोममध्ये क्लोद लोरें नावाचा मोठा निसर्गचित्रकार होता. त्याचे 'गुराखी' नावाचे १६३६ सालचे एचिंग जगातल्या सर्वांत देखण्या एचिंगांपैकी एक मानतात. गाई पाण्यातून चालल्या आहेत, झाडांच्या पानांत प्रकाश विरघळतो आहे, गुराखी बसून पावा वाजवतो आहे. ते चित्र मलाही मोहात पाडते. आपल्या मनात तर मुरलीधर आणि गाई आधीच आहेत, त्यामुळे ते परकेही वाटत नाही. पण ते स्वप्न आहे. तेथे ऊन लागत नाही, काटा रुतत नाही, गाय कोणाच्या शेतात शिरून भांडण होत नाही. रेम्ब्रांटच्या चित्रात गार वारा आहे, चिखल आहे, येऊ घातलेला किंवा नुकताच गेलेला पाऊस आहे. ती जमीनही फुकट मिळालेली नव्हती. हॉलंडची कितीतरी शेते बांध घालून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून पाण्याखालून वर काढलेली आहेत. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेचे बेम्स्टर नावाचे मोठे तळे १६१२ मध्ये असेच कोरडे करून त्याची शेते केली गेली. म्हणजे तो निसर्गही माणसाच्या कष्टाचा होता, आमच्या काळ्या शिवारासारखाच. क्लोदचे चित्र पाहून डोळे मिटावेसे वाटतात. रेम्ब्रांटचे पाहून उघडावेसे वाटतात. मला दुसऱ्या जातीचे चित्र हवे आहे.

आणि डोळे उघडले की गायरानाचा प्रश्न सोपा राहत नाही, हेही कबूल केले पाहिजे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्याच्या निकालात सर्व राज्यांना बजावले. ते वाचून बरे वाटते. पण आपल्या महाराष्ट्रात गायरानावर नांगर धरणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिलेले लोक मोठ्या संख्येने आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा जो सत्याग्रह उभा केला त्याची एक मुख्य मागणी पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, हीच होती. ज्याला गावाने कधी वीतभर जमीन मिळू दिली नाही त्याला आज चित्रातल्या कोऱ्या जागेचे सौंदर्य सांगणे मला साधणार नाही. त्याने कसलेली दोन एकर आणि एखाद्या धनदांडग्याने बंगल्यासाठी, पेट्रोल पंपासाठी, प्लॉट पाडण्यासाठी हडपलेली दोन एकर यांना एकाच मापाने मोजणे हा आंधळेपणा ठरेल. अलीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठीही गायराने दिली जातात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा हेतू चांगलाच आहे. माझे म्हणणे इतकेच की, जमीन देण्याआधी तेथे कोण आहे ते कोणीतरी जाऊन पाहावे. नकाशावर ती जागा कोरी दिसते. नकाशा म्हणजे पहिल्या नजरेतले चित्र. गळ टाकून बसलेला माणूस त्यात दिसत नाही.

पाहण्याचे काम महत्त्वाचे का, याचा एक पुरावा आपल्या मुंबईतच आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला. त्याने मुंबई बेटाचे आणि आसपासचे बारा देखावे काढले. तो १७९५ मध्ये वारला आणि त्याच्या मागे १८०० साली त्या देखाव्यांचा एचिंगचा संच निघाला. त्यात मलबार टेकडीवरून दिसणारी मुंबई आहे, माडांच्या रायांची, मोकळ्या किनाऱ्याची. आज त्या जागी उभे राहून ते चित्र हातात धरले तर दोन्ही एकाच गावाची आहेत यावर विश्वास बसणार नाही. नारळ तेथे खरा होता, म्हणून चित्रात आला. याच वेल्सने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली आणि ती थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये २४ मुद्राचित्रांच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्याच सुमारास पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची चित्रे काढणारा आपला एक मराठी चित्रकारही होता, गंगाराम तांबट. आडनावच तांबट! तांब्याच्या पत्र्यावर ज्या कलेचा जन्म होतो तिच्या जवळून आपला एक तांबट गेला होता, हे वाचून मला नेहमी हुरहूर लागते. तांब्यावर ठोके देणारे, नक्षी कोरणारे हात आपल्या गावोगाव होते. त्यांना कोणी कागद आणि रूळ दिला असता तर?

आमच्या भागाचेही असेच. मेजर रॉबर्ट गिल हा अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी आला आणि १८७९ मध्ये भुसावळला मरेपर्यंत याच परिसरात राहिला. त्याने लोणारच्या मंदिरांची छायाचित्रे घेतली, त्यामुळे दैत्यसूदनाचे देऊळ दीडशे वर्षांपूर्वी कसे दिसत होते ते आज आपल्याला कळते. देवळाला चित्र मिळाले, म्हणून त्याला पुढे रक्षण मिळाले. लोणार सरोवराचेही तसेच. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, मग शास्त्रज्ञ आले, अभयारण्य झाले, २०२० मध्ये रामसर यादीत नाव गेले. पण लोणारच्या काठावरून शेळ्या घेऊन जाणाऱ्या बाईचे, मेहकर-चिखलीच्या माळरानाचे, मोताळ्याच्या बांधावरच्या कडुनिंबाचे चित्र कोणी काढले? ज्याचे चित्र नाही, त्याची बाजू मांडायला कागदच नसतो.

चित्र काढण्याचे हे काम आपल्या देशात झालेच नाही असे नाही. मुकुल डे हे बंगाली चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथांबरोबर जपानला गेले आणि तेथून अमेरिकेत जाऊन एचिंग शिकून आले. हरेन दास यांनी तर सारे आयुष्य बंगालच्या खेड्यांना दिले. शेते, तळी, गुरे, कामावर निघालेली माणसे, सगळे छोट्या छोट्या मुद्राचित्रांत. आणि ही देवघेव एकतर्फीही नव्हती. खुद्द रेम्ब्रांटने उतारवयात मोगल दरबारातल्या आपल्या लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. ॲमस्टरडॅममध्ये बसून त्याला हिंदुस्थानी रेघ शिकण्यासारखी वाटली. मग बुलढाण्यात बसून आपल्याला त्याची रेघ परकी वाटायचे कारण नाही.

शिवाय ही कला मुळातच घराघरांत जाणारी आहे. तैलचित्र एकच असते आणि ते राजाच्या महालात किंवा संग्रहालयात जाते. एचिंगच्या एका पत्र्यावरून अनेक कागद निघतात आणि प्रत्येक कागद अस्सलच. त्यामुळेच 'तीन झाडे' ॲमस्टरडॅम, लंडन, न्यूयॉर्क अशा अनेक संग्रहालयांत एकाच वेळी आहे. या संग्रहालयांनी आपली चित्रे इंटरनेटवर खुली केली आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाचे किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे चित्र कोणालाही फुकट उतरवून घेता येते. पण ते मोबाइलवर पाहून थांबू नका. बोटांनी मोठे केले तर झुडपातले प्रेमिक सापडतील, हे खरे, पण त्या भिंगात झाडे हरवतील. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन साध्या कागदावर मूळ आकारात छापून घ्या. खर्च चहापेक्षा कमी. घरात अशा उंचीवर लावा की लहान मुलाचे नाक त्याला लागेल. आणि मुलाला फक्त एक प्रश्न विचारा, 'यात माणसे किती आहेत?' बाकीचे ते चित्र करील.

शाळांकडेही माझे एक मागणे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी जोरात चालते, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळे घटवून घेतात, ते चांगलेच आहे. पण वर्षातून दोन वेळा तरी, एकदा जूनच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर, मुलांना गावच्या गायरानावर न्यावे. पाटी, पेन्सिल, कागद काहीही चालेल. अट एकच. जे समोर आहे तेच काढायचे, जे समोर नाही ते काढायचे नाही. बाभूळ असेल तर बाभूळ, उकिरडा असेल तर उकिरडा, कोणी जेसीबी लावून मुरूम उपसला असेल तर तो खड्डा. कागदाखाली तारीख आणि गावाचे नाव. ते कागद शाळेच्या कपाटात जपून ठेवावेत. दहा वर्षांनी तो गठ्ठा उघडला तर गावाने काय जपले आणि काय गमावले याचा त्याहून चांगला दस्तऐवज ग्रामपंचायतीतही मिळणार नाही. चित्रे चांगली येतीलच असे नाही. पण ज्या मुलाने एका बाभळीकडे तासभर पाहिले ते मूल मोठे होऊन तिला सहजासहजी 'पडीक जागेतले झाड' म्हणणार नाही. आणि ते मूल उद्या ग्रामसभेत बसेल, तलाठी होईल, सरपंच होईल. एखाद्या सकाळी एखादा कागद त्याच्यासमोर सहीसाठी येईल. त्यावर गट क्रमांक असेल, क्षेत्र असेल आणि 'पडीक' असा शेरा असेल. सही करण्याआधी त्याने उठून एकदा ती जागा पाहून यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.